ओटीजीत सुरण, कणगी, रताळी एकत्र भाजली की काही कच्चं, काही करपलेलं. काय चुकतंय?

माजघर (गुहागर)

छोटा होमस्टे आहे. थंडीत पाहुण्यांच्या ताटात तळलेल्या कापांऐवजी भाजलेले कंद ठेवायचेत. तेल बेताचं, माशाच्या ताटाला चालतील आणि शाकाहारी ताटालाही, सोबत सोलकढी.

आत्ताची रीत अशी: २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन), १८० अंश, ४० मिनिटं. एका ट्रेत किलोभर माल: सुरण ३०० ग्रॅम, रताळी ३००, कणगी (छोटा कंद) २००, गाजर १००, बीट १००. सगळ्याच्या साधारण एका मापाच्या फोडी. त्यांना आधीच ३ मोठे चमचे घाण्याचं खोबरेल, मीठ, हळद, २ चमचे मालवणी मसाला आणि अर्धी वाटी आगळ (कोकमाचा खारट-आंबट रस) चोळायचं आणि ट्रे आत.

बाहेर येतं ते असं: रताळं गळतं, सुरण आतून करकरीत आणि घशाला खवखवतं, बिटाचा रंग सगळ्यांना लागतो, मसाला काळा आणि कडू. एकूण प्रकार भाजल्यापेक्षा उकडल्यासारखा.

आधी उकडून घ्यावं का? आगळ कधी घालायचं? आणि पोपटीसारखी (मडक्यात पाल्यात शिजवलेल्या शेंगा-कंदांसारखी) चव ओव्हनमध्ये येते का? पाहुणे हमखास विचारतात.

लाल_माती (दापोली)

ताई, पहिला दोष गर्दीचा. गाजर-बिटात ८५ टक्क्यांच्या वर पाणी, रताळ्यात आणि सुरणात सत्तर-पंचाहत्तरच्या आसपास. किलोभर फोडी २८ लिटरच्या ट्रेत दाटीवाटीने बसल्या की हे पाणी वाफ होऊन तिथेच घुटमळतं. फोडीचा पृष्ठभाग ओला असेतो त्याचं तापमान १०० च्या वर जातच नाही, आणि तांबूस रंग व भाजका वास यायला साधारण १४० लागतं. म्हणून ४० मिनिटांनी शिजलेलं दिसतं, भाजलेलं नाही. एका ट्रेला ४५० ते ५०० ग्रॅम, त्याहून जास्त नको. दोन फोडींत बोटभर जागा दिसली पाहिजे. किलोचे दोन घाणे करा. दोन ट्रे एकावर एक ठेवाल तर खालचा उकडेल आणि वरचा करपेल. छोट्या ओटीजीत हवा फिरायला जागाच नसते.

दुसरा दोष तापमानाचा. १८० कमी पडतं, २१० ठेवा. पंखा असेल तर १९० ते १९५. खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खाचेत. रिकामा ट्रे आतच ठेवून १५ मिनिटं तापवा आणि तेल लावलेल्या फोडी त्या तापलेल्या ट्रेवर ओता. चर्र आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला तर फोडी बुडाला चिकटणार हे धरून चाला.

कोकणात आणखी एक भानगड असते ती विजेची. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने घटते. २३० ऐवजी १९० व्होल्ट येत असतील तर १५०० वॉटचा ओटीजी जेमतेम हजार वॉट देतो. बटण २१० दाखवतं, आत मात्र ते तापमान यायला दुप्पट वेळ लागतो आणि दार उघडलं की पुन्हा घसरण. संध्याकाळी सगळीकडे दिवे, पंप लागतात तेव्हा हे जास्त जाणवतं. आत ठेवायचा ओव्हन-थर्मामीटर घ्या, तो स्वस्तात मिळतो. आणि होमस्टेच्या जेवणासाठी भाजण्याचं काम दुपारीच उरका, वाढायच्या आधी ७-८ मिनिटं पुन्हा गरम करा.

तिसरा दोष एकाच मापाचा. कंदागणिक माप वेगळं हवं. रताळं अडीच सेंटिमीटर, सालासकट (साल त्याला धरून ठेवतं), २५ ते ३० मिनिटं. गाजर तिरकं कापून २ सेंटिमीटर, तेवढाच वेळ. बीट दीड सेंटिमीटर आणि तरी ३५ ते ४० मिनिटं. बटाटा घालायचा असेल तर फोडी करून मिठाच्या पाण्यात ८ मिनिटं उकडा, निथळून भांडं जरा हलवा म्हणजे कडा खरखरीत होतात, त्याच कडा पुढे कुरकुरीत होतात. मग ३५ मिनिटं. १२-१५ मिनिटांनी एकदा उलटा. सारखं ढवळू नका, प्रत्येक वेळी कवच तुटतं.

बीट वेगळ्याच कोपऱ्यात, फॉइलची छोटी पन्हळ करून त्यात ठेवा. रंग तिथेच राहील. वर मात्र फॉइल झाकायचं नाही, झाकलं की परत वाफ. आणि ट्रेवर कागद घालाल तो बेकिंगचाच घ्या. मिठाईच्या दुकानातला साधा बटर पेपर २१० ला तपकिरी होऊन तुटतो.

तिरफळ (सावंतवाडी)

लाल_माती यांचं सगळं बरोबर, पण सुरणाचा प्रश्न ट्रेचा नाही. सुरण कच्चं भाजायलाच घ्यायचं नाही.

खवखव होते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. कोरड्या धगीत फोड बाहेरून रंग धरते आणि आत अर्धकच्ची राहते, मग घसा धरणारच. अर्धा किलो सुरणाला ही पद्धत: हाताला खोबरेल चोळा, सुरण कोरडंच सोला (ओल्या हाताने जास्त खाजतं), साल जाड काढा, कारण सालीलगतचा भाग जास्त खाजरा. २ सेंटिमीटरच्या फोडी करा. १ लिटर पाण्यात ८-१० आमसुलं किंवा लिंबाएवढी चिंच आणि चमचाभर मीठ, त्यात फोडी अर्धा तास ठेवा. मग त्याच पाण्यात उकळी आल्यावर १० ते १२ मिनिटं. सुरी जराशा जोराने आरपार गेली की बस. पाणी फेकून द्या, आमटीत वापरू नका, विरघळलेलं ऑक्झलेट त्याच पाण्यात असतं.

आंबट पाण्यात कंद उशिरा मऊ होतो, हे लक्षात ठेवा. आम्लाने फोडीतलं पेक्टिन (पेशी जोडून ठेवणारा पदार्थ) घट्ट राहतं. साध्या पाण्यात ६-७ मिनिटांत होणारं सुरण आमसुलाच्या पाण्यात १० च्या वर घेतं. तुम्ही आगळ चोळून मग भाजता, त्यात सुरण करकरीत राहण्याचं अर्धं कारण हेच आहे. उरलेलं अर्धं म्हणजे आगळाचं पाणी, तेही ट्रेवर वाफच करतं.

उकडल्यावर एक फोड निवू द्या, खा, पाच मिनिटं थांबा. घसा शांत राहिला तरच बाकीचा घाणा ट्रेवर. पाहुण्यांसाठी करताना ही पायरी चुकवू नये. ‘गजेंद्र’ जातीचं सुरण कमी खाजरं असतं, गावठी जास्त. ताजं काढलेलं त्याहून जास्त, म्हणून जुन्या घरांत सुरण काढल्यावर काही आठवडे माळ्यावर सुकवत ठेवतात.

निथळल्यावर कापडावर पसरून १५ मिनिटं कोरडं करा. इकडच्या हवेत पंख्याखाली ठेवलेलं बरं, नुसतं उघड्यावर ठेवून काही सुकत नाही. मग तेल, मग २१० ला २५ मिनिटं.

कणगीचं उलट. ती सालासकट कुकरमध्ये २ शिट्ट्या. माती आधी ब्रशने घासून काढा, साल पातळ असते तिच्या केसांत लाल माती अडकते. निवल्यावर साल हाताने निघते. दोन तुकडे करा, कापलेली बाजू ट्रेला टेकवून १८ ते २० मिनिटं. तीच बाजू तांबूस होते, उलटायचीही गरज नाही. आत पीठूळ, बाहेर पापुद्रा. माझ्या मते या सगळ्यात भाजायला सर्वात गुणी कंद हाच, आणि तुम्ही त्याला २०० ग्रॅमवरच ठेवलंय!

घोरकंद मिळाला तर जांभळा घ्या. सोलून लगेच पाण्यात टाका, नाहीतर काळवंडतो. उकळताना पाण्यात २ आमसुलं टाकली की रंग लालसर-जांभळा खुलतो. खायचा सोडा मात्र अजिबात नको, निळट-राखाडी होतो आणि पाहुणा ताटाकडे बघत बसतो.

करांदे कच्चे भाजू नका. लागवडीचेच घ्या, उकडून, सोलून, चव बघून मग ट्रेवर. रानातले कडू करांदे विषारी असू शकतात. ते कुणी आणून दिले तरी पाहुण्यांच्या ताटात नकोत.

पोपटीवाला (अलिबाग)

पोपटीचं सांगतो. पोपटी म्हणजे भाजणं नाहीच, बंद मडक्यात मालाच्या स्वतःच्या ओलाव्यावर शिजणं. मडक्याच्या तळाला आणि मधल्या थरांना भांबुर्डीचा (वासाच्या एका रानवनस्पतीचा) पाला, त्यात वालाच्या शेंगा, कणगी, रताळी, बटाटे, हवी तर अंडी, ओवा आणि जाडं मीठ. पाणी नाही, तेल नाही. तोंड पाल्याने गच्च दाबायचं, मडकं जमिनीवर पालथं घालायचं, भोवती पेंढा, पालापाचोळा, काटक्या लावून अर्धा-पाऊण तास जाळ. मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला की चुर्र होऊन लगेच उडाला पाहिजे, तेव्हा झालं. हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी, वालाच्या शेंगा येतात तेवढाच.

म्हणजे तुमच्या ट्रेमध्ये जो दोष आहे, तोच पोपटीत गुण. दोन्ही एका भांड्यात जमणार नाही. पाहुण्यांना पोपटीच द्यायची तर वेगळं करा.

ओव्हनमध्ये: न रंगवलेलं, आतून चिनी लेप नसलेलं छोटं मातीचं भांडं घ्या, झाकणासकट. अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. थंड ओव्हनमध्ये ठेवून मग चालू करा, तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवलं की तडा जातो. भांबुर्डीचा पाला तळाला दोन बोटं, मध्ये एक थर, वर दाबून. कणगी आणि रताळी अख्खी, ५० ते ८० ग्रॅमची, सालासकट. अर्धा किलो मालाला १ चमचा ओवा चुरडून, दीड चमचा जाडं मीठ. २०० अंशाला तास-सव्वा तास. दार मध्ये उघडायचं नाही.

धुराची चव येणार नाही, ती जाळाशिवाय कुठून येणार. पण भांबुर्डीचा वास येतो आणि पाहुण्यांना बहुतेक वेळा तोच हवा असतो. भांबुर्डी नाही मिळाली तर केळीचं पान आणि ओवा जास्त, मात्र त्याला पोपटी म्हणू नका, अलिबागचा पाहुणा हसेल. ओळख नसलेला कुठलाही पाला घालू नका. रस्त्याकडेचा भांबुर्डीचाही नको, तिथे फवारणी असते.

चूल असेल तर रताळं निखाऱ्यावर नाही, गरम राखेत पुरा. मध्यम आकाराला ४० मिनिटं, अर्ध्यात एकदा फिरवा. जाळात टाकलं तर साल कोळसा आणि आत दगड.

माजघर (गुहागर)

सगळ्यांचे आभार, आगळ आधी चोळत होते तिथेच गडबड होती तर. तीन शंका. तेल किती आणि कोणतं? मसाला शेवटी घालायचा तर तो चिकटतो कसा? आणि पाहुण्यांत मधुमेहवाले असतात, त्यांना ‘हेल्दी’ म्हणून सांगू का?

पथ्यपाणी (रत्नागिरी)

तिसऱ्यापासून सुरू करते. सरसकट सांगू नका. कंद म्हणजे मुख्यतः पिष्ट. ताटात ते भाताच्या किंवा पोळीच्या बदल्यात मोजायचे, भाजीच्या जागी नाही. कंद वाढलात तर भात निम्मा, आणि हिरवी भाजी किंवा कोशिंबीर वेगळी. भाजलेल्या रताळ्याने रक्तातली साखर उकडलेल्यापेक्षा लवकर चढते. सावकाश तापताना साठ ते पंचाहत्तर अंशांच्या दरम्यान रताळ्यातलं एक विकर (एन्झाइम) पिष्टाची माल्टोज साखर करतं, म्हणून तर भाजलेलं रताळं जास्त गोड लागतं. मधुमेहवाल्यांना उकडलेलं, थोडं, सालासकट, डाळीबरोबर किंवा माशाबरोबर. त्यांच्या ताटात सुरण आणि गाजर जास्त ठेवा. मूतखडा झालेल्यांना मात्र सुरण आणि बीट दोन्ही विचारूनच वाढा, ऑक्झलेट भरपूर असतं.

तेल: अर्धा किलो फोडींना १ मोठा चमचा म्हणजे १५ मिलि पुरतं. त्याचे सुमारे १२० कॅलरी, चौघांत वाटले की प्रत्येकी ३०. तुमच्या ३ चमच्यांऐवजी किलोला २. पण ते वाडग्यात हाताने चोळा, वरून धार धरली की काही फोडी तेलकट, काही कोरड्या. अगदीच तेल वगळू नका. गाजरातलं आणि केशरी रताळ्यातलं बीटा-कॅरोटीन शरीरात शोषलं जायला थोडी चरबी लागते, आणि तेलाशिवाय फोड नुसती सुकून चिवट होते. घाण्याचं खोबरेल १७५ अंशांच्या आसपास धुरायला लागतं, २१० ला ते नको. रिफाइन्ड शेंगदाणा तेल घ्या आणि खोबरेलाचा वास हवा असेल तर ट्रे बाहेर काढल्यावर अर्धा चमचा वरून.

रंग सोनेरी झाला की थांबा. पिष्टमय पदार्थ १२० च्या वर कोरडा तापला की ॲक्रिलामाइड हे अपायकारक मानलं जाणारं रसायन तयार होतं, जितका काळपट तितकं जास्त. बटाटे फ्रिजमध्ये ठेवत असाल तर तेही बंद करा. थंडीत त्यांच्यात साखर साठते, मग लवकर काळे पडतात आणि हा प्रकार वाढतो.

उपवासाच्या पाहुण्यांना सुरण, रताळी, कणगी, जिरेपूड, हिरवी मिरची, शेंगदाणा तेल. गाजर काही घरांत चालतं काहींत नाही, हळद-हिंग नकोच. आधी विचारा.

तिरफळ (सावंतवाडी)

मसाल्याचं: मालवणी मसाल्यातल्या मिरच्या-धणे आधीच भाजलेले असतात, २१० ला २५ मिनिटं ते टिकतच नाहीत. अर्धा किलोला १ चमचा मसाला, पाव चमचा हळद आणि १ चमचा तेल वाटीत कालवून ठेवा. शेवटची ४ मिनिटं राहिली की ट्रे बाहेर काढून हा लेप फोडींना लावा, परत आत. तेलामुळे चिकटतो. मीठ मात्र सुरुवातीलाच, पण बेताचं, अर्धा किलोला पाऊण चमचा. मसाल्यातही असू शकतं आणि आगळात तर असतंच.

आगळ ताटात वाढताना. अर्धा किलोला २ चमचे आगळ, चमचाभर ओलं खोबरं, कोथिंबीर, एकदाच वरखाली करा आणि लगेच वाढा. पाच मिनिटं वाडग्यात राहिलं की कवच मऊ पडलंच. मोठ्या पंगतीला आगळाऐवजी कोरड्या आमसुलांची पूड भुरभुरा, ती ओलावा सोडत नाही. बांगड्याबरोबर देणार असाल तर २-३ तिरफळांची (माशात घालतात त्या मसाल्याच्या फळांची) साल कोमट पाण्यात भिजवून, वाटून खोबऱ्यात मिसळा. आतली काळी बी काढून टाका, ती कडू लागते.

लाल_माती (दापोली)

मधुमेहाचं मान्य, पण ‘सगळी रताळी उकडा’ इथपर्यंत जाऊ नका. उकडलेलं रताळं भाजायला टाकलं तर त्याचा लगदा होतो. ज्याला हवं त्याला वेगळं उकडून द्या.

आणि किलोचा हिशेब सांगून ठेवतो: भाजल्यावर वजन पाव ते तिसरा हिस्सा घटतं. कच्चा किलो म्हणजे ताटात ७०० ग्रॅमच्या आसपास, आठ जणांना ८०-९० ग्रॅम. त्याहून जास्त लागणार असेल तर तिसरा घाणा आधीच धरा.

माजघर (गुहागर)

म्हणजे क्रम असा? दुपारी सुरण आमसुलाच्या पाण्यात, तेवढ्यात कणगी कुकरला. पहिला घाणा सुरण, बीट आणि गाजर, दुसरा रताळी, कणगी दुसऱ्यात शेवटी. संध्याकाळी मसाल्याचा लेप लावून गरम, ताटात आगळ. उरलं तर?

लाल_माती (दापोली)

बरोबर. फक्त बीट सुरणाच्या १० मिनिटं आधी आत टाका. आणि दुपारी पूर्ण तांबूस होऊ देऊ नका, ५ मिनिटं आधीच काढा, संध्याकाळच्या गरम करण्यात रंग पूर्ण होतो. मधल्या वेळात पसरट ताटात उघडे ठेवा. डब्यात झाकले तर घाम सुटतो.

उरलेलं फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी बिडाच्या तव्यावर मध्यम आचेला ६-७ मिनिटं, झाकण न ठेवता. मायक्रोवेव्हमध्ये कणगी चिवट होते. आगळ लागलेल्या फोडी मात्र ठेवू नका, म्हणून सगळ्यांना एकदम न लावता वाढणीपुरतंच लावा.